हुकाच्या दोन्ही बाजूंना

गोदावरीच्या उजव्या काठावरचं पुणतांबा बाहेरच्या माणसाला तीन गोष्टींमुळे ठाऊक असतं. एक चांगदेवांची समाधी, दुसरं दौंड-मनमाड मार्गावरचं रेल्वे जंक्शन आणि तिसरा १ जून २०१७ ला इथून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप. चौथी ओळख हंगामी आहे. दिवाळी सरली, गाळप सुरू झालं की रात्री-अपरात्री रस्त्यावरून एक विशिष्ट घरघर ऐकू येते. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली आणि तिच्यामागे आणखी एक. राहात्याचा गणेश, कोपरगावचा संजीवनी, श्रीरामपूरचा अशोक, लोणीचा प्रवरा असे साखर कारखाने या टापूत हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे खेपांना खंड नसतो.

चांगदेव वाघावर बसून भेटीला निघाले आणि ज्ञानेश्वरादी भावंडं भिंतीवर बसून ती चालवत त्यांना सामोरी गेली, ही कथा मराठी घरात लहानपणीच ऐकलेली असते. त्या भिंतीला पुढून ओढणारं काही लागलं नाही. बाकी सगळ्यांना लागतं. आणि ओढणारं व ओढलं जाणारं यांची जोडी नीट जमली आहे की नाही, हा प्रश्न उसाच्या ट्रॉलीला जसा आहे तसाच सुट्टीत मोटारीमागे फिरतं घर जोडून निघणाऱ्या हौशी कुटुंबालाही आहे.

ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती एचपी?" पन्नास म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो. एचपी म्हणजे अश्वशक्ती. मेट्रिक मापात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला जेवढी शक्ती लागते तेवढी एक अश्वशक्ती. या एका व्याख्येवर पुणतांब्यातल्या ट्रॉलीचा हिशेब मांडता येतो.

समजा, रिकामी ट्रॉली दोन टनांची आहे आणि तिच्यात आठ टन ऊस आहे. एकूण दहा टन. चांगल्या डांबरी रस्त्यावर रबरी चाकं फिरवत ठेवायला वजनाच्या साधारण दोन टक्के जोर लागतो, म्हणजे २०० किलोचा. अशा दोन ट्रॉल्या आणि दोन टनांचा ट्रॅक्टर मिळून २२ टन झाले, त्यांना ४४० किलोचा जोर हवा. वेग तासाला १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. ४४० गुणिले ५ भागिले ७५. उत्तर येतं २९ अश्वशक्ती. पन्नास एचपीच्या इंजिनातली काही शक्ती गिअर आणि चाकांत खर्ची पडली तरी हे ओझं त्याला आरामात झेपतं. एकच ट्रॉली असेल तर सोळा एचपी पुरे. इथवर ट्रॅक्टरवाल्याचा हिशेब खरा ठरतो, आणि त्याचमुळे तो पुढे चुकतो.

रस्ता सोडून ट्रॉली उसाच्या फडात शिरली की चित्र पालटतं. काळ्या, मऊ, नुकत्याच पाणी दिलेल्या रानात चाक जमिनीत रुततं आणि दर पावलाला स्वतःपुढचा मातीचा छोटा चढ चढत राहतं. दोन टक्क्यांचे दहा टक्के होतात, ओल जास्त असेल तर त्याहूनही अधिक. दहा टनांच्या भरल्या ट्रॉलीला आता हजार किलोचा जोर लागतो. इंजिन तेवढा जोर खालच्या गिअरमध्ये सहज काढतं. अडतं ते टायर आणि माती यांच्यामध्ये. ट्रॅक्टरच्या दोन टनांपैकी मागच्या चाकांवर साधारण १३०० किलो असतात आणि मऊ मातीत टायर आपल्यावरच्या वजनाच्या निम्म्याइतकीच पकड धरू शकतं. म्हणजे ६५० किलो. त्यापुढे चाक जागच्या जागी फिरतं, खड्डा करतं आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या कुणाला तरी पाचटाचे भारे चाकाखाली सारावे लागतात. पन्नासच्या जागी सत्तर एचपीचं इंजिन बसवलं आणि ट्रॅक्टरचं वजन तेवढंच राहिलं, तर खड्डा जरा लवकर होईल, एवढाच फरक.

म्हणून ओल्या रानात ट्रॉली अर्धी भरतात, किंवा बांधावर उभी करून मोळ्या डोक्यावरून आणतात. डोकी सेंटर हे ऊसतोडीतलं नाव याच कामावरून पडलं आहे. ट्रॅक्टरवाले मागच्या टायरांत पाणी भरतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. एका चाकात दीडशे-दोनशे लिटर पाणी मावतं, आणि लिटरला किलो या भावाने तेवढं वजन थेट पकडीच्या जागी पडतं. बाहेरगावच्या पाहुण्याला टायरात पाणी भरतात हे सांगितलं तर त्याला चेष्टा वाटते.

पुणतांब्याच्या स्टेशनावर उभं राहिलं तर याच गणिताची फार मोठी आवृत्ती समोरून जाते. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि अलीकडे, २००९ मध्ये, शिर्डीचा फाटा इथून जोडला गेला. मालगाड्यांना देशभर सर्रास लावलं जाणारं डब्ल्यूएजी-९ हे विजेवरचं इंजिन घ्या. शक्ती ६१२० अश्वशक्ती, वजन १२३ टन आणि ओढण्याचा जास्तीत जास्त जोर सुमारे ४६ टन. त्याच्यामागे चार हजार टनांची गाडी असेल तर दर टनाला दीड अश्वशक्ती पडते. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हाच भागाकार लावला तर दर टनाला सव्वादोन. म्हणजे टनामागची शक्ती पाहिली तर ट्रॅक्टर रेल्वेपेक्षा श्रीमंत निघतो. तरी रेल्वेचं जमतं, कारण पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ अडतच नाही, आणि इंजिनाच्या १२३ टनांपैकी एकही किलो वाया जात नाही. त्याचे सहाही आस चालते आहेत. सगळं वजन पकडीला लागतं. लोकोमोटिव्ह इतकं जड का बनवतात, असा प्रश्न पडलेल्याला उत्तर उसाच्या फडात मिळतं.

आता हुकाकडे येऊ.

ट्रॉल्या दोन जातींच्या. चारचाकी ट्रॉली आपलं ओझं स्वतःच्या चार चाकांवर तोलते आणि ट्रॅक्टरला फक्त ओढायला सांगते. दुसरी ट्रॉली मागे जोडायची तर पुढची चारचाकी असलेली बरी. दोनचाकी ट्रॉली मात्र पुढून ट्रॅक्टरच्या हुकावर टेकलेली असते. तिच्या ओझ्याचा काही भाग ट्रॅक्टरच्या पाठीवर पडतो. फडात हे फायद्याचं असतं, कारण हुकावर एक टन पडलं तर मागच्या चाकांची पकड एकदम वाढते. पण ते वजन फुकट मिळत नाही. हुक मागच्या आसाच्याही मागे, साधारण ६० सेंटिमीटरवर असतो आणि पुढची व मागची चाकं एकमेकांपासून दोन मीटरवर. लहान मुलांच्या सी-सॉसारखं होतं: एका टोकाला बसलं की दुसरं टोक वर. हुकावरच्या हजार किलोंमुळे पुढच्या चाकांवरचे ३०० किलो उचलले जातात. पुढे मुळात ७०० होते, उरले ४००.

त्यात ट्रॅक्टर जोर लावू लागला की आणखी वजन पुढून मागे सरकतं. हुक जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल आणि ओढ हजार किलोची असेल तर पुढच्या चाकांवरून आणखी २५० किलो जातात. आता उरले १५०. स्टिअरिंग हलकं लागतं, पण ट्रॅक्टर वळत नाही. याच वेळी कुणी हौसेने किंवा घाईत दांडी ८० सेंटिमीटर उंचीवर, वरच्या जोडणीला अडकवली असेल तर २५० चे ४०० होतात आणि हिशेब बरोबर शून्यावर येतो. पुढची चाकं जमीन सोडतात. ट्रॅक्टरने तोंड उचललं, असं चालक सांगतात. कालव्याच्या चढावर, क्लच झटक्यात सोडताना ट्रॅक्टर मागे उलटून चालक खाली सापडण्याचे अपघात होतात, त्यांच्यामागे अनेकदा हीच तीस सेंटिमीटरची चूक असते. ओढण्यासाठी दिलेल्या खालच्या हुकालाच ट्रॉली लावायची आणि पुढच्या बंपरला लोखंडी वजनं टांगायची, एवढी साधी गोष्ट. इंजिनाच्या ताकदीचा इथे संबंधच नाही. उलट ताकद जास्त असेल तर तोंड लवकर उचललं जातं.

बैलगाडीवाल्याला हे शिकवावं लागत नसे. गाडी भरताना मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसल्यासारखं होतं. त्याला गाडी उलाळ झाली म्हणतात. पुढे जास्त झालं तर बैलांच्या मानेवर भार येतो. त्यामुळे जुना गाडीवान मोळ्या रचताना दोन-तीनदा जू हाताने उचलून पाहायचा. मान सुजू नये आणि गाडी उलाळही होऊ नये, इतपतच वजन पुढे ठेवायचा. आजही ऊसतोडीच्या गाडी सेंटरवर बैलजोडी घेऊन आलेला माणूस हेच करताना दिसतो. बैलजोडीची ओढ ताशी काही किलोमीटरच्या चालीने, दिवसभर टिकेल अशी धरली तर त्यांच्या शरीराच्या वजनाच्या दहा-बारा टक्के, म्हणजे ऐंशी किलोच्या आसपास. लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आले तेव्हा तेवढ्याच ओढीत बैलगाडीवर दोन-अडीच टन ऊस येऊ लागला. बैल तेच, जोर तोच, चाक फक्त बदललं.

ब्रिटनमध्ये मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडणाऱ्यांच्या तोंडी याच गोष्टीला दुसरं नाव आहे, नाकावरचं वजन. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हुकावर असावेत असं मानतात, ब्रिटनमध्ये पाच ते सात. त्याहून कमी झालं, म्हणजे आपल्या भाषेत कॅरॅव्हॅन उलाळ झाली, की महामार्गावर ती सापासारखी डोलू लागते. आधी थोडी, मग प्रत्येक हेलकाव्याला जास्त. मोटार पुढे आणि शेपूट तिला हलवतंय, अशी अवस्था येते. घाबरून करकचून ब्रेक मारणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. उसाची ट्रॉली तासाला वीस-पंचवीसच्या वेगाने जाते म्हणून तिला हा आजार फारसा जडत नाही. शंभरच्या वेगाने जाणाऱ्या फिरत्या घराला तो हमखास जडतो, आणि त्याचं कारण बहुधा एवढंच असतं की कुणीतरी पाण्याच्या कॅन आणि खुर्च्या मागच्या भिंतीला रचलेल्या असतात.

ओढण्याबद्दल एवढं. थांबण्याबद्दल माणसं बोलत नाहीत.

ट्रॅक्टरचे ब्रेक सर्वसाधारणपणे मागच्या दोन चाकांना असतात. डांबरावर कोरडी पकड धरली तर ती चाकं ९०० किलोचा रोध निर्माण करू शकतात. एकटा ट्रॅक्टर तासाला १८ किलोमीटरने जात असेल तर ब्रेक लागल्यावर तीन मीटरच्या आत उभा राहतो. मागे ब्रेक नसलेली दहा टनांची एक ट्रॉली असेल तर त्याच नऊशे किलोंना बारा टन थोपवायचे असतात, आणि चाकांचा तो दोन टक्क्यांचा अडथळा मदतीला धरूनही अंतर तेरा मीटरवर जातं. दोन ट्रॉल्या असतील तर एकवीस. वेग तीसचा असेल तर अठ्ठावन्न. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. आणि पाच टक्क्यांचा उतार असेल, म्हणजे वीस मीटरला एक मीटर, तर १८ च्या वेगालाही शंभर मीटर पुरत नाहीत. रस्ता ओला झाला की हिशेब उणे जातो. ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत नेतात. मागची चाकं घसरली तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखी एकमेकांवर मिटतात.

गोदाकाठचा मुलूख सपाट आहे, ही या सगळ्या वाहतुकीला मिळालेली देणगी. दुहेरी ट्रॉलीची पद्धत इथे चालते ती पन्नास एचपीमुळे आणि त्याहून जास्त या सपाटीमुळे. चढाचाही तोच न्याय आहे. बावीस टनांना पाच टक्क्यांचा चढ चढवायला दीड टनाहून जास्त ओढ लागेल. खालच्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, इंजिन ती देऊही शकेल. पण चारचाकी ट्रॉल्यांमागे अडकलेल्या रिकाम्या पाठीच्या ट्रॅक्टरला पकडच नऊशे किलोंची आहे.

रेल्वेला हा धडा फार महाग पडला. जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट १८६९ मध्येच घेतलं होतं, पण प्रत्येक डब्याला ब्रेक लावायचा खर्च कंपन्यांना नको होता. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ सहलीला निघालेली गाडी चढावर अडली. इंजिनाला सगळे डबे ओढवेनात म्हणून मागचे डबे सोडून पुढचे आधी नेऊ असं ठरलं. सोडलेल्या डब्यांच्या चाकांखाली दगड लावले. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि डबे उताराने मागे धावत येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यांत मुलं बरीच होती. त्या गाडीचा ब्रेक इंजिनापासून डबे सुटले की निकामी होणाऱ्या जातीचा होता. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांच्या प्रत्येक डब्याला, जोडणी तुटली तर आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. आज पुणतांब्यातून जाणाऱ्या मालगाडीतल्या प्रत्येक वाघिणीला स्वतःचा ब्रेक आहे. स्टेशनापासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली मात्र अजून दगडच दिसतो.

ट्रॉलीला ब्रेक बसवता येत नाहीत असं नाही. युरोपात ७५० किलोंच्या वर गेलेल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. त्यांतला सर्वांत साधा प्रकार फारच हुशार आहे. मोटार मंदावली की ट्रेलर पुढे सरकून दांडीवर दाब देतो, आणि तो दाबच तारेने चाकांचे ब्रेक ओढतो. जितक्या जोराने ढकलेल तितका स्वतःलाच आवरेल. शिवाय एक बारीक तार मोटारीला अडकवलेली असते, हुक निसटला तर ती ताणली जाऊन ब्रेक लागतात. आपल्याकडे पिनेच्या जोडीला साखळी लावली तरी निम्मं काम होईल. कायद्याच्या नजरेत ट्रॉली हे वेगळं वाहन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी सांगितली आहे, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे असंही म्हटलं आहे. उसाच्या ट्रॉलीमागे नंबर तर सोडाच, रेडियमची पट्टी शाबूत दिसली तरी मागून येणारा मोटारसायकलवाला उपकार मानतो. वाढे लोंबत असतात, त्यात ती झाकली जाते.

याच ट्रॉल्या वर्षातून दोनदा घर होतात. गाळप सुरू होण्याआधी बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा ट्रॉलीत ऊस नसतो. धान्याची पोती, अंथरुणं, चूल, भांडी, कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, लागणारे बांबू आणि ताडपत्री, कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर माणसं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, अशी इथली मोजणी. मुकादमाकडून उचल घेतलेले दहा कोयते एका ट्रॉलीत आले तर माणसं आणि सामान मिळून साडेचार टनांच्या आसपास होईल. उसाच्या निम्म्याहून जरा जास्त. त्यामुळे चालकाला गाडी हलकी वाटते आणि तो वेग वाढवतो. पण उसाचं वजन फळीच्या आत आवळून बांधलेलं असतं, हे वर बसलेलं असतं आणि हलतं. माल वाहायच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही. तरी आपल्याकडच्या सर्वांत जास्त वापरातल्या फिरत्या घराचं नाव विचारलं, तर पर्यटनाच्या माहितीपत्रकात नसलेली ही ट्रॉलीच सांगावी लागेल.

पर्यटनाच्या माहितीपत्रकातलं फिरतं घर वेगळं आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पुण्याहून शिर्डीला, तिथून पुणतांब्याला नदीकाठी एक रात्र, असा बेत आखणारं एखादं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. त्यांच्याकडे १८०० किलोंची दणकट एसयूव्ही आहे. ब्रिटनमधले जुने कॅरॅव्हॅनवाले नवख्याला एक ढोबळ नियम सांगतात: भरलेलं घर मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. म्हणजे १५३० किलो. गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा याहून लहान आकडा असेल तर तोच खरा, आणि पुस्तिकेत ट्रेलर जोडू नका असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपतो.

त्यांनी पाहिलेलं घर रिकामं ११०० किलोंचं आहे. विक्रेता हाच आकडा सांगतो आणि तो खरा असतो. मग १०० लिटर पाणी, म्हणजे १०० किलो. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलो. भांडी, कपडे, किराणा, गाद्या मिळून १५०. झाले १३८०. अजून दीडशे किलो हाताशी आहेत, आणि नेमकं इथे घरातलं कुणीतरी विचारतं, "एसीचं काय?"

विजेचा हिशेब इंजिनासारखाच फसवा आहे. माणसं वॅट विचारतात, घराला लागतात युनिट. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास घेतो. रात्रीचे आठ तास तो लावला, मधूनमधून कॉम्प्रेसर थांबतो हे धरलं, तरी पाच युनिट जातात. घरात इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढलं तर ती लवकर मरते, म्हणून हाताला लागतं ०.९. पाच युनिटांसाठी अशा किमान सहा बॅटऱ्या हव्यात, एकेक पन्नासहून अधिक किलोंची. तीनशे किलो! दिवसा त्या भरायच्या तर छतावर तीन मोठी सौर पॅनेल, आणखी ८५ किलो. १३८० चे १७६५ झाले. मोटारीच्या हुकाने हे ओझं मागितलं नव्हतं, रात्रीच्या गारव्याने मागितलं.

लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या तर तेवढीच वीज साठ किलोंत मावते. मग बेरीज १५२५ वर येते, मर्यादेच्या पाच किलो आत. पैसे मात्र जास्त जातात. तिसरी वाट जनरेटरची. लग्नाच्या वरातीत डीजेच्या ट्रॉलीमागे धडधडणारा जनरेटर ज्याने पाहिला आहे त्याला नदीकाठच्या शांत मुक्कामात तो नको वाटणार. झोपलेल्या घराला चिकटून तो कधीच चालवू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. चौथी वाट साधी आहे आणि ती कुणी सुचवत नाही: पुणतांब्याला डिसेंबरात जावं. तेव्हा तिथे एसी नाही, गोधडी लागते.

मोटारीच्या अल्टरनेटरवरून मागच्या बॅटऱ्या भरता येतील का, हाही नेहमीचा प्रश्न. येतात, पण बारीक वायर लांबवर नेली की बारा व्होल्टच्या विजेचा मोठा भाग वाटेतच तापून जातो. जाड तांब्याची वायर आणि मध्ये चार्जर नसेल तर दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी अर्धीच. ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरची धाव तर चारपाचशे वॅटपर्यंतच.

कोपीत राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब याच्या शेजारी ठेवून पाहावा. दोन एलईडी बल्ब पाच तास, चार मोबाइल. दिवसाला ०.१५ युनिट. पन्नास वॅटचं एक लहान पॅनेल महाराष्ट्राच्या उन्हात दिवसाला ०.२ युनिट देतं. ते कोपीवर ठेवता येतं, ट्रॉलीत मुलाच्या मांडीवर मावतं आणि हुकावर काहीही भार टाकत नाही. गरज आणि सोय यांचा एवढा चोख मेळ फिरत्या घरांच्या महागड्या नमुन्यांत क्वचित सापडतो. ही गरिबीची भलामण नव्हे. कोपीत पंखाही हवा, आणि तो बीएलडीसी जातीचा तीस वॅटचा घेतला तर शंभर वॅटच्या पॅनेलने दिवसा भरलेल्या बॅटरीवर रात्रभर चालतो.

राहिली शेवटची अडचण. हे सगळे आकडे घरबसल्या अंदाजाने मांडलेले असतात, आणि अंदाज नेहमी हलका असतो. शहरातल्या कॅरॅव्हॅनवाल्याला भरलेलं घर कुठे तोलायचं हे ठाऊक नसतं. साखरपट्ट्यात तो प्रश्न नाही. रस्तोरस्ती भुईकाटे आहेत. आधी मोटार आणि घर दोन्ही काट्यावर घ्यायची, मग घर हुकावरून न सोडता फक्त त्याची चाकं काट्यावर राहतील अशी मोटार पुढे काढायची. नंतर घर सोडून, दांडी आधारावर टेकवून ते एकटं तोलायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वजनातला फरक म्हणजे हुकावरचं ओझं. १५२५ किलोंच्या घराला ते ब्रिटिश रिवाजाने ७५ ते १०५ किलो भरावं. कमी भरलं तर सामान पुढे घ्यायचं, जास्त भरलं तर मागे. आणि हुकावर पडलेले शंभर किलो मोटारीत बसलेल्या दीड माणसाएवढे धरायचे, कारण ते मोटारीच्याच मागच्या स्प्रिंगांवर बसलेले आहेत. पुण्याकडे परतताना संगमनेरच्या पुढे चंदनापुरी घाट लागतो, तिथे या शंभर किलोंचा अनुभव येतो.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. कोप्या मोडल्या जातात, ट्रॉल्या पुन्हा भरल्या जातात आणि टोळ्या नगरवरून पाथर्डीच्या वाटेला लागतात. मधे करंजी घाट आहे. ट्रॅक्टर दोन टन, ट्रॉली दोन, सामान आणि माणसं साडेचार, मिळून साडेआठ टन. पाच टक्क्यांच्या उतारावर, कोरड्या रस्त्यावर, १८ च्या वेगाने ही गाडी ब्रेक लागल्यावर सतरा मीटरमध्ये थांबते, ३० च्या वेगाने सत्तेचाळीसमध्ये. जाणता चालक उतार सुरू होण्याआधी ट्रॅक्टर कडेला घेतो, खाली उतरून हुकातली पिन आणि तिची कडी हाताने चाचपतो, वर बसलेल्या पोरांना फळीच्या आत व्हायला सांगतो आणि दुसरा गिअर टाकून मगच क्लच सोडतो.